पेटीचा पत्ता



आजच्या व्याख्यानासाठी चालकांनी विषय विचारला, तेव्हा मी ‘कारखान्यातील एका पेटीचा पत्ता’ असे कळविले. त्यावर त्यांनी मोठ्या सौजन्याने पृच्छा केली, की हा विषय पोस्टाचा समजावा की विजेचा? प्रश्न त्यांनी सहज केला असेल. पण मी मात्र तेव्हापासून त्याच्याभोवतीच घोटाळत आहे. माझी सारी नोकरी अंबरनाथ-बदलापूरच्या कारखान्यांत विजेच्या तारा ओढण्यात गेली. इतिहासाचा मी पंडित नव्हे. तथापि या पेटीची हकीकत सांगू लागलो, की ती मला शेजारच्या उल्हासनगरात नेऊन सोडते. तेव्हा आरंभ तेथूनच करणे भाग आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळच्या मोकळ्या जागेवर लष्कराने फौजांच्या मुक्कामासाठी छावणी उभारली. लोक तिला कल्याण कॅम्प म्हणत. युद्ध संपले, छावणी ओस पडली, आणि १९४७ साली फाळणी झाली. सिंध प्रांत सगळाच्या सगळा पाकिस्तानात गेला. पंजाबच्या किंवा बंगालच्या निर्वासितास निदान अर्धा प्रांत तरी इकडे उरला होता. सिंधी माणसास तोही उरला नाही. घरदार टाकून आलेल्या या लोकांपैकी सुमारे एक लाख माणसे त्या रिकाम्या लष्करी बराकींत राहावयास आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी येथे नव्या नगराची कोनशिला बसविली, आणि नदीच्या नावावरून त्याला उल्हासनगर हे नाव मिळाले.

नगराला नाव मिळाले. माणसाच्या वाट्याला मात्र आले ते नंबर. कॅम्प एक ते पाच, कॅम्पात बराक नंबर, बराकीत खोली नंबर. ज्याचे कराचीतले घर आजोबांच्या नावाने साऱ्या पेठेस ठाऊक होते, त्याचा पत्ता आता तीन आकड्यांचा झाला. हे ऐकावयास रूक्ष वाटते, पण त्या दिवसांत त्या तीन आकड्यांवर काय काय अवलंबून होते याचा विचार करा. रेशन त्यावर, मुलाचे शाळेतले नाव त्यावर, आणि वाटेत ताटातूट झालेल्या भावाचे पत्र येणार तेही त्यावरच. खोली नंबर पाच तर प्रत्येक बराकीत असावयाचीच; त्याने काही बिघडत नाही. पण एकाच बराकीत दोन खोल्यांवर पाचचा आकडा पडला, तर पत्र कोणाच्या हाती जाईल याचा नेम नाही. हा नियम ध्यानात ठेवावा, कारण पुढे तो आपणास पुन्हा भेटणार आहे.

आणखीही एक गोष्ट आहे, आणि मला ती अधिक महत्त्वाची वाटते. आज त्या बराकी बव्हंशी गेल्या. त्यांच्या जागी मजल्यांवर मजले चढले, खाली दुकाने आली, राहणारी माणसे दोनदा-तीनदा बदलली. तरी उल्हासनगरात कोणाचा पत्ता लिहून घ्या. इमारतीच्या नावाआधी अमुक नंबरची बराक हटकून येते. बराक नाही, बराकीतला माणूस नाही, नंबर मात्र आहे! जो नंबर निर्वासितास दिला असे आपण समजलो, तो वस्तुतः जागेस दिलेला होता.

(याच गावाविषयी एक विनोद आपण सर्वांनी ऐकला असेल. येथील मालावर ‘मेड इन यूएसए’ असा शिक्का असे, आणि कोणी हरकत घेतली, तर यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन असा खुलासा मिळे! खरेखोटे देव जाणे. पण एकच पत्ता दोन ठिकाणांना लागू पडला म्हणजे काय होते, याचा याहून चांगला दाखला मला सापडलेला नाही.)

जागेला नंबर देण्याची हीच कल्पना पुढे साऱ्या देशाला लागू झाली, आणि ती करणारा माणूस आपला मराठी होता. श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातील वरिष्ठ अधिकारी. एका नावाची अनेक गावे, नाना लिप्या, नाना हस्ताक्षरे. यातून पत्र नेमके पोचवावे कसे, या पेचावर त्यांनी सहा आकड्यांचा तोडगा काढला. १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड सुरू झाला. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो, आपला चार. पहिले तीन आकडे मिळून टपाल-छाटणीचा जिल्हा ठरतो, शेवटचे तीन प्रत्यक्ष पोस्ट ऑफिस दाखवितात. आता गंमत पहा. उल्हासनगरचे पिनकोड ४२१००१ पासून ४२१००५ पर्यंत आहेत, आणि शेवटचा आकडा कॅम्पाचा क्रमांक आहे! फौजांच्या मुक्कामासाठी वसलेल्या छावणीची वाटणी अशी पोस्टाच्या आकड्यात जाऊन बसली. पुढे अंबरनाथ ४२१५०१, तेथल्या आयुध कारखान्याची वसाहत ४२१५०२, आणि आपले बदलापूर ४२१५०३. पत्र छाटणारा मनुष्य आधी ४२१ एवढेच पाहतो. उरलेले तीन आकडे पाहण्याचे काम पुढच्याचे. हे वेलणकर संस्कृतचे मोठे कवी होते, आणि पुढून वाचावे तसे मागूनही वाचता येणारे विलोमकाव्य त्यांनी रचले होते, हे थोड्यांस ठाऊक असते. ते आताच सांगून ठेवतो.

कारण पुढून आणि मागून सारखीच वाचली जाणारी दुसरी एक लिपी आज आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे. साबणाच्या वडीवर, बिस्किटाच्या पुड्यावर, औषधाच्या खोक्यावर काळ्या रेघांची जी पट्टी असते, तो बारकोड. अमेरिकेतील नॉर्मन वुडलँड हा तरुण १९४९ साली समुद्रकाठी बसला असता त्याने वाळूत तारायंत्राचे बिंदू आणि रेघा बोटांनी काढल्या आणि त्या सहज खाली ओढल्या. बारीक-जाड रेघांची पट्टी तयार झाली. त्याने व बर्नार्ड सिल्व्हर याने १९५२ साली तिचे पेटंट मिळविले. पण ती वाचणारे स्वस्त यंत्र निघावयास दोन तपे लोटली. ओहायो राज्यातील एका दुकानात २६ जून १९७४ रोजी चघळण्याच्या गोंदाचे एक पाकीट प्रथम या रीतीने विकले गेले. दुकानी मालावरच्या पट्टीत डाव्या व उजव्या भागांची रचना वेगळी ठेवलेली असते. म्हणून पुडा उलटा धरला तरी यंत्र फसत नाही. आणि पट्टीचे पहिले तीन आकडे ८९० असले, म्हणजे त्या नंबराची नोंदणी भारतात झालेली आहे.

पट्टी वाचणाऱ्या यंत्रास कारखान्यात आम्ही स्कॅनर म्हणतो. त्याने वाचलेला नंबर संगणकापर्यंत न्यावयाचा ते इथरनेट नावाच्या जाळ्याने. रॉबर्ट मेटकाफ याने २२ मे १९७३ रोजी एका टिपणात हे नाव प्रथम सुचविले. प्रकाश वाहून नेणारे ईथर नावाचे तत्त्व सर्व अवकाश भरून आहे, अशी जुन्या शास्त्रज्ञांची समजूत होती. मायकेलसन आणि मोर्ले यांच्या १८८७ सालच्या प्रयोगाने तिला जबर धक्का बसला आणि पुढे ती टाकून दिली गेली. नाव तेवढे तारेत येऊन राहिले. आपल्याकडे त्या तत्त्वाला आकाश म्हणत, आणि आकाशाचे एक नाव अंबर. अंबरनाथ या नावाची व्युत्पत्ती पंडित काहीही ठरवोत, तेथल्या कारखान्यात ही तार ओढताना मला दरवेळी त्याची आठवण होई.

असो. आता पेटीकडे येऊ.

औषधाच्या कारखान्यात भरलेली खोकी पट्ट्यावरून सरकत असतात. वाटेत एक प्रकाश-डोळा असतो. खोके आडवे आले की तो स्कॅनरला इशारा देतो, स्कॅनर पट्टी वाचतो, आणि नंबर चुकीचा निघाला तर हवेचा दट्ट्या ते खोके बाजूस ढकलतो. स्कॅनर, डोळा, वीज आणि जाळे यांच्या तारा जेथे एकत्र येतात, ती ही जोडपेटी. हाताएवढी असते. बसविताना वीज बंद करावी, चोवीस व्होल्टच्या तारांचे धन-ऋण तपासावे, तारेची जाळीदार आवरणे जमिनीशी जोडावीत, जाळ्याची तार शंभर मीटरच्या आत ठेवावी, आणि ज्या भोकातून तार जात नाही ते बुचाने बंद करावे. हे शेवटचे काम पुष्कळजण टाळतात. आपल्याकडील श्रावणात उघडे भोक म्हणजे आत पाझरास निमंत्रण!

मग पत्ता. जाळ्यावरील प्रत्येक यंत्रास चार भागांचा नंबर असतो. प्रत्येक भाग शून्यापासून २५५ पर्यंत. १९८१ साली ही पद्धत पक्की झाली, तेव्हा असे सुमारे ४२९ कोटी पत्ते जगाला पुरतील असे वाटले होते. ते पुरेनात, तेव्हा १९९६ साली काही मालिका सर्वांनी आपापल्या आवारात वापराव्यात म्हणून राखून ठेवण्यात आल्या. १९२.१६८ ने आरंभ होणारी त्यांतली एक. त्यामुळे तोच नंबर अंबरनाथच्या कारखान्यात असतो आणि नाशिकच्याही. प्रत्येक बराकीत पाच नंबरची खोली असावी तसा. आमच्या जाळ्यात पहिले तीन भाग बराकीचे, शेवटचा खोलीचा. शून्य हा साऱ्या बराकीचा नंबर, २५५ म्हणजे सर्वांना एकदम हाक. मधले २५४ वाटावयाचे. पेटीच्या आत शतक, दशक आणि एकक अशी तीन लहान चक्रे असतात. बारीक पेचकसाने ती फिरवून शेवटचा भाग ठरवितात. फिरवून झाल्यावर वीज एकदा बंद करून पुन्हा दिल्याशिवाय आमच्या पेट्या नवा नंबर घेत नसत.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? १९९३ पासून जाळे आपणहून नंबर वाटू शकते. खरे आहे, कचेरीतल्या संगणकांना ते सोयीचेही आहे. शिवाय प्रत्येक यंत्रास कारखान्यातून निघतानाच एक जन्मनंबर मिळालेला असतो. पण जन्मनंबर यंत्राबरोबर जातो. रात्रपाळीत स्कॅनर बंद पडला, दुसरा लावला, तर काम तसेच पुढे चालावयास हवे. संगणकाला ‘एक नंबरच्या पट्ट्यावरचा डोळा’ हवा असतो, अमुक जन्मनंबरचे यंत्र नव्हे. म्हणून पत्ता भिंतीवरच्या पेटीत ठेवावयाचा. काही पेट्यांत तर स्कॅनरची सारी शिकवणही जपून ठेवलेली असते. नवा स्कॅनर येतो आणि जुन्याची खोली जशीच्या तशी चालवू लागतो.

हे सारे मला पुस्तकातून कळले नाही. एका औषध कारखान्यात एकच गोळी दोन मात्रांत भरली जाई. एक नंबरच्या पट्ट्यावर पाचशेची, शेजारी नव्याने उभारलेल्या दोन नंबरच्या पट्ट्यावर अडीचशेची चाचणी. नव्या पेटीत आमच्यातल्या एकाने पहिल्या पेटीकडे पाहून चक्रे लावली: २१. संध्याकाळी तिला वीज दिली. थोड्या वेळात एक नंबरचा दट्ट्या चांगली खोकी ढकलून देऊ लागला. आम्ही काच पुसली, डोळा हलविला, स्कॅनर बदलला. निर्यातीचा माल, ट्रक दाराशी उभा. कोणीतरी तपासणीच तात्पुरती बंद केली, आणि मी ‘नको’ म्हटले नाही. दीड तास खोकी न तपासता गेली.

शेवटी कंटाळून मी एक नंबरच्या पेटीची तार उपटली आणि संगणकावरून २१ ला हाक दिली. २१ ने उत्तर दिले! पेटी हातात, तार लोंबते आहे, आणि तरी ती बोलते आहे. क्षणभर अंगावर काटा आला. मग शेजारच्या पट्ट्याकडे पाहिले आणि उलगडा झाला. जाळ्यात पोस्टमन चौकात उभा राहून ओरडतो, ‘२१ कोण?’ जो ओ देईल त्याला तो पत्र देतो. दोघे ओ देत होते. संगणक अडीचशेच्या खोक्यांचे नंबर वाचून पाचशेच्या खोक्यांना शिक्षा देत होता.

दीड तासातला सारा माल खाली उतरवून पहाटेपर्यंत हाताने तपासावा लागला. त्यात आदल्या दिवसाच्या भरतीतून मागे राहिलेली अडीचशेची दोन खोकी निघाली. पेटीचा त्यात दोष नव्हता. पण तपासणी चालू असती तर दट्ट्याने ती बाजूस काढली असती. परदेशी कोणा आजाऱ्याच्या हाती ती पडली असती तर अर्ध्या मात्रेने त्याचे काय झाले असते, हा विचार मी आजही फार वेळ करीत नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या सरकारने तीनशे प्रमुख औषधांच्या वेष्टनावर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा केला, तेव्हा वर्तमानपत्रात त्यावर चार ओळी आल्या होत्या. मी मात्र ते कात्रण काढून ठेवले आहे.

दुसऱ्या दिवशी मी पांढऱ्या रंगाने एका पेटीच्या झाकणावर २१ आणि दुसरीवर २२ असे ठळक लिहिले, आणि पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूस साऱ्या नंबरांची यादी चिकटविली. आता मी निवृत्त आहे. त्या पट्ट्यावरचा स्कॅनर माझ्यामागे दोनदा बदलला असे ऐकतो. झाकणावरचा २१ तेवढा तसाच आहे म्हणे.