तुरट बी आणि बागेतला करपा



बियांचे द्राक्ष खाताना बी दाताखाली आली, की तोंड तुरट होते. हा तुरटपणा टॅनिन गटातल्या द्रव्यांचा. अशीच द्रव्ये बाभळीतही असतात, आणि बाभळीचे दातवण तर आपले वाडवडील करतच आले. टॅनिन प्रथिनांना घट्ट चिकटते. जीभ आवळल्यासारखी वाटते ती त्यामुळे, आणि जिवाणूंची वाढ खुंटते तीही बऱ्याच अंशी त्यामुळेच.

आपल्या उष्ण मुलखाला द्राक्ष नवे नाही. चौदाव्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता दौलताबादेस आला होता. इथल्या द्राक्ष-डाळिंबांना वर्षातून दोनदा फळ येते, असे त्याने लिहून ठेवले. थंड देशात वेल हिवाळ्यात पाने गाळून झोपी जाते. आपल्याकडे ती झोपतच नाही. म्हणून आपण एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात फळछाटणी करतो आणि पीक मात्र एकच घेतो, कारण पावसात पिकणारे घड सडतात.

पण जागी वेल म्हणजे रोगालाही बारमाही पोट भरण्याची सोय. 1969 साली आंध्र प्रदेशात तिरुपती येथे अनाब-ए-शाही जातीवर जिवाणूजन्य करपा दिसला. 1972 साली त्याच्या जिवाणूचे शास्त्रीय वर्णन झाले. पुढे हा रोग आपल्या महाराष्ट्रातही आला.

तुम्ही विचाराल, द्राक्षातच जंतुरोधक द्रव्य आहे, मग वेलीला रोग का व्हावा? प्रश्न रास्त आहे. 1976 साली लँगकेक आणि प्राइस या संशोधकांनी दाखवले, की जखम किंवा बुरशीची लागण झाली म्हणजे द्राक्षाचे पान रेस्व्हेरॅट्रॉल नावाचे द्रव्य तयार करते. 2003 साली म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी बियांच्या अर्काची चाचणी प्रसिद्ध केली. काही जिवाणू लाख भागांत 85 ते 100 भाग अर्काने थांबले. ई. कोलायसारख्यांना मात्र 125 ते 150 भाग लागले.

पण हा अर्क रसायनाने काढलेला, आणि चाचणी प्रयोगशाळेतली. बागेत बीचे द्रव्य बीतच राहते, कोवळ्या फुटीला त्याची ढाल मिळत नाही. शिवाय थॉमसन सीडलेस, तास-ए-गणेश या आपल्या जातींत खाण्याजोगी बीच नसते. तेव्हा वेल स्वतःला सांभाळील, या भरवशावर राहू नका.

एवढे करा:

1. रोगट काड्या, गळलेली पाने बागेबाहेर नेऊन जाळा. जिवाणू त्यांतच दबा धरून बसतो.

2. रोगट वेलीवर चालवलेली कात्री स्पिरिटने पुसल्याशिवाय दुसऱ्या वेलीला लावू नका.

3. छाटणीनंतर एक टक्का बोर्डो मिश्रण फवारा: 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 100 लिटर पाणी. मोरचूद लोखंडी भांड्यात भिजवू नका.

4. रोगट बागेतली काडी कलमासाठी कोणालाही देऊ नका, कोणाकडून घेऊही नका.

आणि घरातली एक गोष्ट. द्राक्षात जंतुरोधक गुण आहे म्हणून न धुता खाऊ नका. लेकराला जुलाब लागले, तर बियांची पूड न देता मीठ-साखरेचे पाणी पाजा आणि दवाखाना गाठा. द्राक्ष हे उत्तम फळ आहे, औषधाची बाटली नव्हे.