घाणेरीतले शेवटचे सहा तास

चाकण एमआयडीसीतला एक मोकळा प्लॉट, पाऊस सरल्यानंतरची सकाळ. वेळा अंदाजाने धरल्या आहेत. घटनांचा क्रम आर्जिओपे वंशातल्या कोळ्यांचा.

पहाटे 4. थर्ड शिफ्ट सुटायला अवकाश आहे. घाणेरीच्या झुडपात मादीने ताजं जाळं विणलंय. पांढऱ्या नागमोडी पट्ट्यांवर पाय दोन-दोन जुळवून ती फुलीसारखी बसते. आपल्याकडे सहज दिसणारी जात आर्जिओपे अनसुजा.

सकाळी 6. नर वाटेवर आहे. प्रौढ झाल्यापासून शिकारीसाठी जाळं विणणं त्याने सोडलंय. निघण्याआधी एक चिमुकली जाळी विणून त्याने तिच्यावर वीर्याचा थेंब सोडला आणि तोंडाजवळच्या दोन पाल्पांत ओढून घेतला. दोन भरलेल्या पिचकाऱ्या. प्रत्येक बहुधा एकदाच उडणार. मादीच्या अंगाचा, धाग्यांचा गंध त्याला वाट दाखवतो.

सकाळी 8. तो जाळ्याच्या कडेला पोचतो. मादीच्या मानाने इतका बारका आणि फिका, की पाहणाऱ्याला वेगळीच जात वाटावी. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकून ‘हा कुठला?’ विचारणाऱ्यांची इथेच पंचाईत होते. रंग फसवतो. जाणकार सूक्ष्मदर्शकाखाली नराचा पाल्प आणि मादीच्या पोटाखालचं जननद्वार, म्हणजे एपिगायन, बघतो. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र इथून जवळच, आकुर्डीत आहे. याच संस्थेच्या बी. के. टिकादर यांचा 1982चा भारतीय कोळ्यांवरचा खंड उघडा: पानोपानी याच अवयवांच्या रेखाकृती. ज्या अवयवावरून जात ठरते, त्याच्याच पायी नराचा जीव जातो.

9.10. नर एक धागा ताणतो, त्यावर ठेका धरतो. मादी धाग्यावर येऊन लटकली, तर होकार. एरवी तो नुसता खाऊ.

9.25. पहिला पाल्प आत. युरोपातल्या आर्जिओपे ब्रुएनिकीत 10 सेकंदांहून जास्त रेंगाळलेला नर सहसा वाचत नाही. मादी त्याला रेशमात गुंडाळू लागते. आपला गडी झटका देऊन सुटतो. पाल्पाचं टोक मात्र तिच्यातच मोडतं आणि पुढच्या नरासाठी बूच ठरतं.

9.50. तो परत येतो. वेडेपणा नाही हा: मादीला दोन द्वारं असतात आणि दुसरं अजून उघडं आहे.

9.58. दुसरा पाल्प आत. उत्तर अमेरिकेतल्या आर्जिओपे ऑरँशियात या क्षणी मादीने काही करण्याची गरजच उरत नाही. नर जागीच आखडतो, त्याचं हृदय काही मिनिटांत आपोआप थांबतं, आणि अडकलेलं प्रेतच बूच होतं. मादीच्या क्रूरपणाच्या कथा रंगवणाऱ्यांना हे सहसा ठाऊक नसतं.

सकाळी 10. मादी जेवते आहे. नमुने गोळा करणाऱ्याने नऊच्या आधी यायला हवं होतं. आता त्या नराच्या पाल्पाचं टोक हवं असेल, तर ते मादीच्या एपिगायनमध्येच शोधावं लागेल.