कोडाक्रोमला खरंच डिजिटलने मारलं का?

‘डिजिटल कॅमेरा आला आणि फिल्म संपली.’ तंत्रज्ञानाच्या इतिहासावरच्या निबंधांत हे वाक्य हमखास सापडतं. ते खोटं नाही, पण त्यावर थांबलो तर प्रश्नच अर्धा राहतो. कसा, ते बघू.

कोडॅकने १९३५ मध्ये कोडाक्रोम ही रंगीत फिल्म बाजारात आणली आणि २००९ मध्ये बंद केली. नुसत्या तारखा पाहिल्या तर दोष डिजिटलवर टाकणं सोपं आहे. आता एक्टाक्रोम घ्या. तीही कोडॅकचीच, तीही स्लाइडची फिल्म. कोडॅकने २०१२ मध्ये ती बंद करायचं जाहीर केलं, पण २०१८ मध्ये ती परत आली. मारेकरी एकच, तर मग एक परतली आणि दुसरी नाही, असं का?

उत्तर रोल धुण्याच्या पद्धतीत आहे. कोडाक्रोममध्ये रंग तयार करणारे घटक नव्हतेच. धुताना एकेका थरात वेगळ्या टप्प्यावर रंग आणावा लागे. त्यासाठी खास यंत्रं आणि जाणकार माणसं लागत. एक्टाक्रोममध्ये हे घटक फिल्ममध्येच असतात. ती ई-६ पद्धतीने लहान लॅबमध्ये, अगदी घरीही धुता येते. १९९० मध्ये आलेली फुजीची वेल्व्हिया फिल्मही ई-६चीच. म्हणजे कोडाक्रोमची स्पर्धा डिजिटल कॅमेरे घरोघरी पोचण्याआधीच सुरू झाली होती. रोल कमी झाले म्हणून लॅब बंद पडल्या, लॅब नाहीत म्हणून रोल आणखी कमी झाले. शेवटी अमेरिकेत कॅन्ससमधल्या पार्सन्स गावची एकच लॅब उरली. २०१० संपताना तिनेही कोडाक्रोम घेणं थांबवलं. डिजिटलने घाव घातला हे खरंच, पण तो आधीच कमजोर झालेल्या साखळीवर.

संशोधनासाठी यातून दोन गोष्टी घ्या. एक, कारण सांगण्याआधी तुलनेला दुसरं उदाहरण शोधा. दोन, वस्तूबरोबर ती चालवणारी साखळीही अभ्यासा. आज कृष्णधवल फिल्म टिकून आहे, त्यामागेही ती घरच्या बाथरूममध्ये धुता येते हे एक कारण आहे. २०२४ मध्ये पेंटॅक्सने फिल्मचा नवा कॅमेरासुद्धा काढला.

आणि कुणाच्या पेटीत कोडाक्रोमचा न धुतलेला रोल सापडलाच, तर आज लॅब तो सहसा कृष्णधवलच धुऊन देते. फिल्म आहे, चित्रही आहे. रंग देणारी साखळी तेवढी उरलेली नाही.