नाताळची वाट पाहणारीं मुलें

सणापेक्षां सणाची वाट पाहणें हेंच लहान मुलांना अधिक जड जातें, हें मुलाबाळांच्या घरांत कोणास सांगावयास नको. मोठ्या माणसाचा डिसेंबर पगार आणि घरभाडें यांच्या विवंचनेंत केव्हां सरतो तें कळतही नाहीं. पांच वर्षांच्या मुलाला तोच महिना संपतां संपत नाहीं. "उद्यां का? परवां का?" ही पृच्छा दिवसांतून दहा वेळां कानीं पडली म्हणजे शांत स्वभावाच्या मातेचाही धीर सुटतो. जर्मन कुटुंबांनीं या पृच्छेला उत्तर म्हणून एक खेळ रचला. त्या खेळाचा इतिहास वरवर दिसतो तितका बाळबोध नाहीं.

नाताळपूर्वींच्या चार रविवारांच्या काळाला ॲडव्हेंट, म्हणजे आगमनकाळ, असें नांव आहे. मूळचा हा काळ उपवासाचा व चिंतनाचा. त्यांत मुलांना विसावा मिळे तो 6 डिसेंबरला, संत निकोलसच्या दिवशीं. आदल्या सायंकाळीं स्वच्छ पुसलेला जोडा दारापाशीं ठेवावयाचा आणि सकाळीं त्यांत अक्रोड, सफरचंद, गोड बिस्किटें शोधावयाचीं. कांहीं प्रांतांत संताचें सोंग घेतलेला गृहस्थ स्वतः घरीं येई. त्याच्यामागें छडी घेतलेला रूप्रेख्ट उभा असे, आणि वर्षभराच्या वर्तनाची झडती झाल्यावांचून खाऊ हातीं पडत नसे. मुलांची परीक्षा घेण्याची एकही संधि वडीलधारीं माणसें सोडीत नाहींत, मग तो सण कां असेना! सोळाव्या शतकांत मार्टिन ल्यूथरच्या सुधारणेनें संतपूजेला विरोध केला. प्रॉटेस्टंट घरांतून देणग्यांचा मान हळूहळू निकोलसकडून बालख्रिस्ताकडे गेला आणि त्यांचा दिवस 24 डिसेंबरच्या सायंकाळवर येऊन ठेपला. त्या दिवशीं बैठकीची खोली कुलूपबंद असावयाची. घंटा वाजली कीं दार उघडावयाचें, आणि आंत मेणबत्त्यांनीं उजळलेलें झाड! आनंद वाढला खरा, पण त्याबरोबर प्रतीक्षाही लांबली.

या प्रतीक्षेला पहिलें देखणें रूप मिळालें तें एका अनाथालयासारख्या आश्रमांत. योहान हिन्रिख विखर्न या धर्मोपदेशकानें 1833 सालीं हॅम्बुर्गजवळ 'राउहेस हाउस' ही संस्था स्थापिली. दारिद्र्यांत वाढलेलीं, कोणी न विचारलेलीं मुलें तेथें राहात. त्यांनाही नाताळ केव्हां येणार हें जाणावयाचें होतें. विखर्ननें 1839 सालीं लांकडाच्या एका चाकावर मेणबत्त्या बसविल्या: नित्याच्या दिवसांसाठीं लहान तांबड्या, चार रविवारांसाठीं मोठ्या पांढऱ्या. रोज एक अधिक पेटवावयाची. आगमनकाळाचा पहिला रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांच्या दरम्यान केव्हांही येतो; त्यामुळें मेणबत्त्यांची संख्या दरसाल बदलते, कधीं 22 तर कधीं 28. अंधार वाढत जाणाऱ्या त्या उत्तरेकडील महिन्यांत रोज थोडा अधिक उजेड, ही कल्पना मला फार सुंदर वाटते. आज घरोघर दिसणारें चार मेणबत्त्यांचें हिरवें कडें हें त्याच चाकाचें आटोपशीर रूप.

ज्यांना एवढ्या मेणबत्त्या परवडत नसत, त्यांनीं खडू हातीं घेतला. दारावर 24 रेघा ओढावयाच्या आणि मुलानें रोज एक पुसावयाची. कॅथलिक घरांत रिकाम्या गव्हाणींत रोज एक काडी गवत ठेवीत, म्हणजे येणाऱ्या बाळाला मऊ अंथरूण व्हावें.

यांतूनच छापील दिनदर्शिका निघाली. गेरहार्ड लांग हा एका पाद्र्याचा मुलगा. त्याच्या आईनें पुठ्ठ्यावर 24 इवलीं बिस्किटें लावून रोज एक खाण्याची त्याला मुभा दिली होती, असें सांगतात. मोठेपणीं म्युनिकमध्यें मुद्रणाच्या धंद्यांत पडल्यावर, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत, त्यानें आईचा तो पुठ्ठा कागदावर उतरविला. एका पत्र्यावर 24 चित्रें, दुसऱ्यावर 24 लहान पद्यें. मुलानें रोज एक चित्र कापून पद्यावर चिकटवावयाचें. उघडणाऱ्या दारांच्या दिनदर्शिका 1920 नंतरच्या दशकांत रूढ झाल्या. लांगचा धंदा मात्र त्या शतकाच्या चौथ्या दशकाअखेर बंद पडला.

मग या निरुपद्रवी खेळावरही राजसत्तेची दृष्टि गेली. युद्धकाळांत कागदटंचाईचें कारण पुढें करून चित्रांच्या दिनदर्शिका बंद झाल्या. नाझी पक्षानें मात्र स्वतःची मुलांची दिनदर्शिका काढली. तिच्यांत ख्रिस्तजन्माला फांटा देऊन पुरातन जर्मन दंतकथा व सूर्यचक्राच्या खुणा घातल्या होत्या. बिस्किटें भाजण्याच्या कृतींतूनही पक्षाची शिकवण मुलांच्या ओठीं जावी, अशी ती योजना! बालकाचा पाळणाही ज्या सत्तेला मोकळा सोडवत नाहीं, तिला आणखी काय दूषण द्यावें?

युद्धानंतर 1946 सालीं स्टुटगार्टच्या रिचर्ड सेल्मर यांनीं मोडक्यातोडक्या परिस्थितींत पुन्हां एक दिनदर्शिका छापली. तिच्यांत ना सैनिक, ना चिन्हें. होतें तें एक लहानसें गांव. अवतीभवतीं शहराचे ढिगारे पडलेले असतां कागदावर तीं अखंड घरें आणि त्यांच्या उघडणाऱ्या खिडक्या पाहून मुलांना काय वाटलें असेल! सेल्मरनीं परदेशी ग्राहकही मिळविले. 1953 सालीं अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या नातवंडांचें अशी दिनदर्शिका हातीं घेतलेलें छायाचित्र प्रसिद्ध झालें, आणि हा जर्मन खेळ अमेरिकन घरांतही शिरला.

आतां दारांमागें चित्राऐवजीं बहुधा चॉकलेट असतें आणि प्रौढांसाठींही असे संच विकले जातात. कांहीं घरांत आई अजूनही 24 कापडी पिशव्या शिवून दोरीवर टांगते. जुन्या धर्तीच्या दिनदर्शिकेंत शेवटचें दार इतरांहून मोठें, दुहेरी असतें. त्यामागें गोठा आणि गव्हाण. तें 24 तारखेला उजाडतांच उघडावें कीं सायंकाळच्या घंटेपर्यंत थांबावें, याचा निकाल मात्र प्रत्येक घरांत दरसाल नव्यानें लावावा लागतो.