प्रवरेकाठचे परदेशी कुंभ

जर्मनीत मोझेल नदीकाठी नॉयमागेन नावाचं छोटंसं गाव आहे. नदीच्या उतारांवर द्राक्षांचे मळे. पर्यटकांना तिथं आवर्जून एक दगडी नाव दाखवतात. वल्हेकरी आणि मद्याची पिंपं असलेलं हे शिल्प सुमारे अठराशे वर्षांपूर्वी रोमन काळात एका मद्यव्यापाऱ्याच्या थडग्यासाठी कोरलं गेलं. १८७८ मध्ये ते सापडलं. मूळ शिल्प ट्रिअरच्या संग्रहालयात आहे, गावात त्याची प्रतिकृती.

मंडळी, रोमन जगाचा हा व्यापार आपल्या प्रवरेच्या काठीही पोचला होता.

नेवासे म्हटलं की आपले हात जोडले जातात. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरांनी इथं गीता मराठीत सांगितली. पण गावाचं वय त्याहून कितीतरी मोठं. डॉ. ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ ते १९५६ या काळात इथं उत्खनन केलं. सातवाहनकाळच्या थरांत दोन कानांच्या, निमुळत्या बुडाच्या कुंभांची खापरं निघाली. भूमध्य समुद्राकाठी घडवलेल्या अशा कुंभांतून मद्य येई, तेलही येई. भारतात सापडलेली अशी काही खापरं फेरतपासणीत इराणी आखाताकडची ठरली आहेत. तरी हा माल समुद्रापलीकडून आला, हे खरंच.

तो आला कसा? मोझेलवर मद्य नावेतून जाई. आपली गोदावरी पूर्वेला वाहते, अरबी समुद्राचा माल ती कशी आणणार? पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात इटलीच्या मद्याचा उल्लेख आहे. तिथून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर. पैठणचे अकीक गाड्यांवरून भडोचला जात. परतीच्या गाड्यांत हे कुंभ आले असावेत आणि त्यातले काही नेवाशाला उतरले असावेत.

मी मद्याला न शिवणारा माणूस. मला कुतूहल आहे ते त्या कुंभाचं आणि तो न फोडता घाट चढवणाऱ्या गाडीवानाचं. त्याचं शिल्प कुणी कोरलं नाही. त्याची खूण म्हणजे ही खापरं. आणि पांढरीची माती खत म्हणून शेतात नेण्याची आपली जुनी रीत. तिच्याबरोबर अशी किती पानं नांगराखाली गेली असतील!

पैस खांबाला टेकून झालं की घटकाभर त्या टेकाडाकडेही वळावं. तिथली माती मात्र जागच्या जागी राहू द्यावी.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)