आष्टीची लढाई आणि निष्ठेचे मोल

आपल्या सोलापूर जिल्ह्यातील आष्टी येथे २० फेब्रुवारी १८१८ रोजी सेनापती बापू गोखले इंग्रजांशी लढताना धारातीर्थी पडले. ज्यांच्यासाठी ते लढले, ते दुसरे बाजीराव रणांगण सोडून निघून गेले होते. छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती लागले.

१७९६ साली पेशवे झाले तेव्हा बाजीराव २१ वर्षांचे होते. बरीच वर्षे नजरकैदेत गेलेली. कारभाराचा, मोहिमांचा अनुभव नव्हता. १८०० मध्ये नाना फडणवीस वारले. पुढच्याच वर्षी बाजीरावांनी विठोजी होळकरांना पुण्यात हत्तीच्या पायी दिले. चिडलेल्या यशवंतरावांनी १८०२ साली पुणे जिंकले आणि वसईचा तह करून बाजीरावांनी इंग्रजांचा आश्रय घेतला. स्वातंत्र्य खरे तर तिथेच गेले.

नुसते कोवळे वय हा दोष नव्हे. थोरले माधवराव १६ वर्षांचे असताना पेशवे झाले. पण त्यांच्या दरबारी रामशास्त्र्यांसारखी स्पष्ट बोलणारी माणसे होती आणि माधवराव त्यांचे ऐकत.

बापूंच्या शौर्याला नमस्कारच केला पाहिजे. मात्र ते गेले आणि बाजीराव सालीना आठ लाखांच्या तनख्यावर ब्रह्मावर्तास १८५१ पर्यंत जगले! धन्यासाठी मरणारे होते, धन्याला वेळीच अडवील असे वजन कोणाचे उरले नव्हते.

मित्रहो, एखाद्या तरुण नेत्यामागे जरूर जावे. पण तो चुकतो आहे असे दिसले, तर ते त्याला तोंडावर सांगावे. तीही निष्ठाच आहे.