कंदील वर धरा

मोबाइल बाजूला ठेवा, चपला दाराशी काढा आणि वाका. चौकट ठेंगणी आहे, कपाळ आपटेल. तुम्ही पोशेऱ्याच्या एका पाड्यावर आला आहात, साधारण चाळीस वर्षं मागं. बाई असा वा पुरुष, आजची रात्र तुम्ही या घरातली धाकटी जाऊ आहात.

आवणीचे दिवस. बाहेर मोखाड्याचा पाऊस असा कोसळतोय की शेजारचं माणूस काय बोललं ते कळत नाही. आत ओल्या लाकडांचा धूर डोळ्यांना झोंबतो. कारवीच्या कुडावरची शेणमाती ओलीनं फुगलीय, खुंटीला टांगलेल्या इरल्यातून पाणी टपटपतंय, आणि चार बायका दाटीवाटीनं बसल्यानं घामाची ऊब अंगावर येते. मोठी जाऊ काल दुपारपर्यंत गुडघाभर चिखलात भात लावत होती. आता तिनं तुमचं मनगट धरलंय. नखं रुतताहेत. सोडवून घेऊ नका.

"कंदील वर धर," सुईण तुमच्याकडं न बघताच सांगते. तिचा तळवा जावेच्या पोटावर हळूहळू फिरतो. बाळाचं डोकं कुठं, पाठ कुठं, हे त्या हाताला कळतं. गावातली किती पोरं तिच्या हातावर आली, हे तिनं कधी मोजलं नाही. त्या हातांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्या हातांपलीकडं मदतीला या रात्री कुणीच नाही, हे विसरता येत नाही.

उजाडता उजाडता बाळ रडतं. घर हसतं. तुमचं मनगट सुटतं.

तिसऱ्या दिवशी जाऊ थंडीनं कुडकुडते. गोधडीवर गोधडी घातली तरी दात वाजायचे थांबत नाहीत. अंगावरून जातंय ते जास्त आहे का? कुणाच्या मानानं जास्त? सासू म्हणते, "बाळंतपणात असं व्हायचंच." बाहेर पुरुषमंडळी बांबूला घोंगडी बांधून डोली करतात आणि ओढ्याकडं बघत बसतात. पाणी उतरेल तेव्हा निघायचं. जाऊ जगली तर बरं, नाही तर तिचं दुखणं कुठल्याच कागदावर येणार नाही.

आता थोडं पुढं सरका. राज्याच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीला. साल १९९५. धूर तोच, कंदील तोच. पण कोपऱ्यात एक बाई जास्तीची बसलीय. याच गावची, थोडीफार शिकलेली आरोग्यदूत. तिच्याकडं थर्मामीटर आहे, घड्याळ आहे, वही आहे. कळा कधी सुरू झाल्या, पाणी कधी गेलं, रक्त किती गेलं, सगळं ती लिहितेय. उद्या येईल, परवा येईल, महिनाभर अधूनमधून येत राहील आणि दर वेळी विचारेल, "ताप आला का? छाती दुखते का? झोप लागते का?" डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं ३९ गावांत ७७२ बाळंतपणं अशी घरात बसून पाहिली. निम्म्याहून अधिक जणींना काही ना काही त्रास झाला. प्रसूतीनंतर त्रास झालेल्याच ४२.९ टक्के. आणि १५.३ टक्के जणींना तातडीनं दवाखान्यात नेण्याची गरज होती. तुमच्या जावेचा ताप अखेर वहीत उतरला, तो असा.

त्याआधी डॉ. राणी बंग वसा आणि अमिर्झा या दोन गावांत बसल्या होत्या. त्यांनी ६५० जणींची तपासणी केली. ९२ टक्क्यांना स्त्रीरोग निघाले, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आलं. बायका दुखणं लपवत होत्या असं नव्हे; त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

शोधग्रामला ‘सर्च’चा दवाखाना बघा. आदिवासी गावासारख्या झोपड्या, नाव माँ दंतेश्वरीचं, आजाऱ्याजवळ नातेवाइकांना राहायला जागा. उपचाराचा दर्जा म्हणजे मला आधी हेच वाटतं, की आलेल्या बाईला तिथं परकं वाटू नये.

घरी जाऊन बाळ-बाळंतिणीला तपासण्याची पद्धत गडचिरोलीत घडली आणि २०११ पासून ती देशभरातल्या आशा कार्यकर्त्यांच्या कामात आली. आता मोबाइल घ्या आणि आजच्या पोशेऱ्यात या. दवाखान्यात बाळंत होऊन घरी आलेल्या बाईकडं आशाताईनं ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी यायचं असतं. तुमच्या पाड्यावर बाळंतीण असेल तर आज तिचा कितवा दिवस ते मोजा. आशाताई आली नसेल तर बोलावणं धाडा. आणि ताप आहे का, अंगावरून किती जातंय, हे बाळंतिणीला तोवर तुम्हीच विचारा.